गळा कोणाचा, कान कोणाचा

वारीच्या वाटेवर पुष्कळ माळकरी आम्हाला एक प्रश्न विचारतात. "महाराज, कीर्तनाला बसलो की मन नामावर ठरत नाही, गळ्यावर जाते. हा गोड, तो भसाडा, हा कालच्यापेक्षा बरा, अशी आत तोलाई चालू होते. हे पाप का?" आम्ही विचारतो, बाबा, कान तुला दिला कोणी? आणि आवाजातला भेद कळणे हे त्या कानाचे पहिले काम. ते तू शिकून आलास की घेऊनच आलास?

घेऊनच आलास. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघा संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. बाळ एका लयीत चोखू लागले की आईचा आवाज ऐकू येई, लय बदलली की परक्या बाईचा. तर बाळे आईचा आवाज येईल तशी लय धरू लागली! धड डोळा उघडत नाही, नाव ठेवलेले नाही, आणि आवाज ओळखतो. पोटात असतानाच ऐकून ठेवलेला असतो तो. तेव्हा आवाज ओळखण्याला पाप म्हटले तर ते पाप आईच्या पोटापासूनचे झाले. असे कोणता संत म्हणेल?

आता हा भेद येतो कोठून ते पाहा. दोघे टाळकरी काळी एकचा षड्ज लावून उभे आहेत. दोघांच्या गळ्यातल्या पडद्या सेकंदाला सुमारे १३८ वेळा उघडतात नि मिटतात. उंची एकच, मग आवाज एक का नाही? तर त्या मूळ नादाबरोबर वरचे पुष्कळ बारीक नाद निघतात, आणि घसा, टाळू, जीभ, ओठ यांची पोकळी त्यांतले काही फुलवते, काही दाबते. मृदंगाचे खोड वेगळे तर घुमारा वेगळा, तसे. देहाची पोकळी जशी ज्याची त्याची, तसा आवाजाचा रंगही ज्याचा त्याचा. शिवाय सूर उचलतो कसा, श्वास कोठे तोडतो, 'ळ' आणि 'ण' कसा म्हणतो, हेही कान टिपून ठेवतो. म्हणून पहाटे काकड्याला अंधारात कोणी नुसते "विठ्ठल" म्हटले तरी आपण म्हणतो, अरे, अण्णा आले!

आमच्याकडच्या जुन्या लोकांनी हा विचार केला नव्हता असे नाही. देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला तो तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरीच्या आधी. त्यात त्याने आवाजाच्या जाती सांगितल्या आहेत: खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक. खाहुल कफाचा, तो स्निग्ध, मधुर, कोवळा. नाराट पित्ताचा, तो भरीव, गंभीर. बोंबक वाताचा; मोठा खरा, पण एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ. (असे बोंबक आपल्या दिंडीत किती आहेत, ते आम्ही मोजत नाही.) आणि अभ्यासावाचून राग प्रकट करणारा जो जन्मजात गुण, त्याला त्याने 'शारीर' म्हटले, तो विद्यादानाने, तपाने, शिवभक्तीने मिळतो असे सांगितले. शिवाचे नाव ऐकून कोणी बिचकू नये. आपला विठोबा शिवाला डोईवर घेऊन उभा आहे.

मग अडचण कोठे आहे? ओळखण्यात नाही, ओळखून हिणवण्यात आहे. पंढरीला कानडी मुलुखातून दिंड्या येतात. त्यांचे भजन ऐकून आपल्यातला एखादा म्हणतो, यांचे सगळ्यांचे आवाज सारखेच! अहो, सारखे नव्हेत. शोधाअंती असेच दिसले आहे की, जी भाषा आपल्याला कळते त्या भाषेतला माणूस आवाजावरून चटकन ओळखू येतो. न कळणाऱ्या भाषेत कान चुकतो. उणेपण त्यांच्या गळ्यात नव्हते, आपल्या कानात होते. त्यांच्याबरोबर दोन मुक्काम चाला, मग प्रत्येकाचा आवाज वेगळा होईल.

गाणाऱ्यालाही एक सांगणे आहे. स्वतःचा आवाज जगाला ऐकू येतो तसा त्याला एकट्यालाच ऐकू येत नाही, कारण तो हवेतून येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही आत येतो. ध्वनिमुद्रणात ऐकला की परका वाटतो. तरी याच आवाजाचा अभिमान! आणि हल्ली तरुण मुले पंडित भीमसेन जोशी यांचा घुमारा आपल्या घशात ओढून बसवू पाहतात. १९२२ साली जन्मलेल्या त्या पुरुषाने तो आवाज स्वतःच्या देहातून तपाने काढला होता. तुझा घसा वेगळा, तुझी पोकळी वेगळी. देवाला काय तीच तीच प्रत ऐकवणार?

पण आमच्या मनाला लागते ते निराळेच. दिंडीत आता ध्वनिक्षेपक आला. तो गोड गळ्याच्या दोघांपुढे राहतो, आणि पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला सांगतात, "बाबा, तुम्ही जरा मागे व्हा, आवाज फाटतो." पन्नास वर्षे ध्रुपद धरलेला माणूस! मागे होतो बिचारा, टाळ वाजवतो, ओठ हलवतो. सांगणारा वाईट नसतो, त्याला भजन गोड व्हावे असे वाटते. पण गोड झालेले ते भजन दिंडीचे राहिले का? मुक्कामाच्या ठिकाणी पाचपन्नास मंडळी बसली असता ध्वनिक्षेपक कशाला लागतो हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही. तो बंद करावा, म्हाताऱ्याला वीणेशेजारी बसवावे, आणि रूपाचा अभंग त्याने उचलावा. आवाज फाटेल. पहिल्या चरणाला पोरे एकमेकांकडे पाहतील. दुसऱ्या चरणाला मागचे ध्रुपद उचलतील, नि तो फाटका आवाज त्यात कोठे गेला हे शोधायला कानाला सवड राहणार नाही.