चढाखाली ठेवलेली गाडी

सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातली गोष्ट. नर्मदेकडे उतरणाऱ्या डोंगरांवर पाडे विखुरलेले, आणि कित्येक पाड्यांना अजून पायवाटच. चारचाकी तिथे पोचत नाही, म्हणून बाइक ॲम्ब्युलन्स आली: मोटारसायकल आणि तिच्या बाजूला, तिसऱ्या चाकावर, रुग्णाला झोपवायची पेटी. त्याआधी बाई अडली की बांबूला झोळी बांधून माणसं तिला खांद्यावरून खाली आणत. काही पाड्यांवरून आजही आणतात. त्यात वाहणाऱ्यांना कमीपणा नाही. कमीपणा आहे तो रस्ता न देणाऱ्यांना.

गाडी चालवणारा पोरगा तयारीचा होता. चढ लागला की पहिला गियर, अंग पुढे, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्येच गियर बदलायचा नाही, हे त्याच्या हातात बसलेलं.

आषाढातल्या एका रात्री वरच्या पाड्यावरून निरोप आला: बाईला कळा सुरू झाल्यात. शेवटच्या चढावर माती लोण्यासारखी झाली होती. मागचं चाक जागीच फिरू लागलं. पेटीच्या चाकाला इंजिनाचा जोर नसतो. ते नुसतं ओढलं जातं आणि गाडी त्या अंगाला वळते. पोराने ॲक्सिलरेटर आणखी पिळला. गाडी आडवी होत खाली घसरली. त्याने पुन्हा धाव घेतली, पुन्हा तेच. दर खेपेला चाकाने चर खोल केला, वाट आणखी बिघडली.

आवाज ऐकून एक म्हातारा बॅटरी घेऊन खाली उतरला.

"थांब पोरा. किती वेळ हेच करशील?"

"आबा, एकदा पकड मिळू द्या, चढवतोच गाडी!"

"गाडी चढवून काय करायचं? बाई खाली यायला पाहिजे ना?"

पोराने इंजिन बंद केलं. गाडीचं तोंड उताराकडे वळवलं, चाकांना दगड लावले आणि म्हाताऱ्यामागून पायी वर गेला. झोळी तयारच होती. एक खांदा त्याने दिला. चिखल टाळून, कडेच्या गवतात पाय रोवत त्यांनी बाईला खाली आणलं आणि पेटीत निजवलं. उजाडायच्या आत धडगावच्या रुग्णालयात तिला मुलगी झाली.

पाऊस उघडल्यावर पोरगा कुदळ घेऊन परत आला. पाड्यावरच्या गड्यांबरोबर त्याने तो चर दगडांनी भरून काढला. आता पावसाळ्यात चढ आला की तो आधी गाडीवरून उतरतो, चार पावलं चालून माती बघतो. पाय घसरला तर गाडी खालीच लावतो आणि वर हाक देतो, "झोळी काढा, मी येतोय!"