शीण आणि सल

समाजकार्यातल्या दीर्घकाळच्या मानसिक थकव्याला ‘बर्नआउट’ हे नाव 1974 मध्ये मिळाले. ते देणारे हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करत. व्यसनात अडकलेली तरुण मुले तिथे येत. त्यांच्यासाठी राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांतच चिडचिडे, कोरडे आणि हताश होताना त्यांनी पाहिले, आणि या यादीत त्यांनी स्वतःलाही धरले. कामचुकार माणसाला हा त्रास होत नाही, सगळ्यात तळमळीने काम करणाऱ्यालाच तो आधी गाठतो, ही नोंद त्यांनी तेव्हाच केली. 1981 मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तो मोजण्याची पट्टी तयार केली आणि त्याची तीन अंगे सांगितली: भावनिक रितेपण, समोरच्याकडे माणूस म्हणून न पाहता ‘केस’ म्हणून पाहणे, आणि आपल्या हातून काहीच होत नाही अशी भावना. पुढे हा शब्द बँका, आयटी कंपन्या आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत गेला. त्याचा जन्म मात्र सेवाक्षेत्रातला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला आजार म्हटले नाही, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली स्थिती म्हटले. पुढच्या सगळ्या चर्चेसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

‘माइंडफुलनेस’चा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. पालीतल्या ‘सति’ला हा इंग्रजी प्रतिशब्द पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर आठ आठवड्यांचा धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रम बेतला. त्याच्या तीन वर्षे आधी, 1976 मध्ये, इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले होते, आणि महाराष्ट्रात दहा दिवसांच्या मौनाची ओळख मुख्यतः तिथूनच झाली. मराठीत आता ‘सजगता’ हा शब्द स्थिरावतो आहे. श्वासाकडे, शरीराकडे, मनात उठणाऱ्या विचाराकडे, त्याला ढकलून न देता आणि त्याच्यामागे न धावता, लक्ष ठेवणे हा त्याचा अर्थ.

गेल्या काही वर्षांत हे दोन प्रवाह एकत्र आले. समाजकार्याच्या संस्थांमध्ये, रुग्णालयांत, बालगृहांत कर्मचाऱ्यांसाठी सजगतेच्या कार्यशाळा होऊ लागल्या. एक दिवस, फार तर दोन. सकाळी श्वासाचा सराव, दुपारी शरीराकडे टप्प्याटप्प्याने लक्ष नेणे, शेवटी अभिप्रायाचा कागद. या कार्यशाळांचा उपयोग होतो. 2014 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात 47 चाचण्या आणि 3,515 सहभागी यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा उपयोग होतो याचा मध्यम प्रतीचा पुरावा त्यात सापडला. प्रत्यक्ष ताणाबाबतचा पुरावा कमकुवत निघाला, आणि व्यायाम, औषधे किंवा वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही. म्हणजे साधन खरे आहे, पण त्याची कुवत मर्यादित आहे. थकव्याविषयीची दोन मते इथेच बाजूला ठेवता येतील. समाजसेवा हे व्रत असल्याने त्यात थकणे हा कमकुवतपणा आहे, या मताला उत्तर देण्याचीही गरज नाही. पगार वाढला की सगळे सुटेल, हे मत अर्धे खरे आहे. अकरा महिन्यांच्या करारावर आणि तुटपुंज्या मानधनावर कोणाचेही मन शांत राहत नाही, पण कायम नोकरीतल्या समाजसेवा अधीक्षकांनाही हा त्रास होतोच.

विचार करायला हवा तो वेगळ्याच मताचा. ते आता इतके सर्वमान्य झाले आहे की ते एक मत आहे हेच विसरले जाते. ते असे: कार्यकर्ती थकते कारण ती गुंतते. लोकांची दुःखे ती घरी घेऊन जाते. म्हणून तिला साक्षीभाव शिकवला पाहिजे. दुःख पाहायचे, त्यात उतरायचे नाही. सजगता म्हणजे अलिप्त राहण्याचे तंत्र.

हे म्हणणे तीन ठिकाणी चुकते, आणि तिन्ही चुका समाजकार्याच्या मुळावर येणाऱ्या आहेत.

पहिली चूक निदानाची. मास्लाक यांच्या पट्टीतले दुसरे अंगच अलिप्ततेचे आहे. समोरची बाई बोलते आहे आणि ऐकणारीला काहीच वाटत नाही, फक्त रकाने भरले जात आहेत, हे त्या पट्टीवर बर्नआउटचे लक्षण आहे. जे लक्षण आहे तेच औषध म्हणून शिकवले जाते. कार्यशाळेनंतर ‘आता मला तितकेसे वाटत नाही’ असे कोणी सांगितले की ते यश मानले जाते. ते यश आहे की दुसऱ्या अंगाची सुरुवात आहे, हे अभिप्रायाच्या कागदावरून कळत नाही.

दुसरी चूक व्यवसायाच्या स्वतःच्या ज्ञानाविषयीची. व्यक्तिसहाय्य कार्याचे विद्यार्थी फेलिक्स बिस्टेक यांची सात तत्त्वे पाठ करतात. 1957 सालच्या त्यांच्या पुस्तकात ‘नियंत्रित भावनिक सहभाग’ हे एक तत्त्व आहे. त्यातला मुख्य शब्द सहभाग आहे, नियंत्रित हे त्याचे विशेषण. ज्या बाईने दहा वर्षांत कोणालाही सांगितले नाही ते ती पोलीस ठाण्याच्या एका कोपऱ्यात बसून सांगते, ते ऐकणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटते म्हणून. कोऱ्या चेहऱ्यापुढे जबाब देता येतो, मन मोकळे करता येत नाही. गुंतणे हा समाजकार्यातला दोष नाही, ते त्याचे अवजार आहे. सुताराच्या पटाशीला धार आहे म्हणून ती बोथट करा, असा सल्ला कोणी देत नाही.

तिसरी चूक परंपरेविषयीची, आणि ती सर्वांत खेदाची, कारण हे मत परंपरेचाच आधार घेऊन मांडले जाते. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’मध्ये मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांचे विवेचन केले आणि प्रत्येकाचा एक जवळचा वैरी सांगितला. जवळचा, कारण तो दिसायला तसाच असतो. उपेक्षेचा, म्हणजे समत्वाचा, जवळचा वैरी आहे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. बाहेरून दोन्ही सारख्याच शांत दिसतात. करुणेचा जवळचा वैरी आहे घरगुती शोक, म्हणजे आपल्या प्रिय गोष्टी हातून गेल्याची खंत. कार्यशाळा शोकापासून सावध करतात, बेपर्वाईपासून करत नाहीत. शिवाय सम्यक स्मृती हे अष्टांगिक मार्गातले सातवे अंग आहे. सम्यक वाचा, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका तिच्या आधी येतात. बाकीची सात अंगे वगळून एकच उचलले, तर बसण्याची रीत हाती येते, मार्ग मागेच राहतो. महाराष्ट्रात तरी याचा विसर पडायला नको होता. डॉ. आंबेडकरांनी, त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये, माणसामाणसातल्या संबंधांना धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले आणि दुःखाचा विचार समाजातल्या अन्यायापासून तोडू दिला नाही. त्या वाचनानंतर दुःखाला केवळ खासगी गोष्ट मानणे कठीण आहे.

मग थकव्याचे करायचे काय? इथे एक भेद करावा लागतो, आणि त्यासाठीचे शब्द मराठीत आधीपासून आहेत: शीण आणि सल.

शीण कष्टाने येतो. दिवसभर वस्तीत गृहभेटी झाल्या, रात्री अहवाल लिहिला, सुटीच्या दिवशी फोन आला, की शीण येतो. तो झोपेने, सुटीने, गप्पांनी, श्वासाकडे लक्ष देण्यानेही जातो. श्रमपरिहार हा शब्दच सांगतो की श्रमांवर परिहार आहे. सल तसा जात नाही. तो मनात राहतो, विश्रांती घेतली की उलट अधिक जाणवतो. सल कशाने येतो? केवळ दुःख पाहिल्याने नाही. वॉर्डात एखादे मूल गेले तर शोक होतो, तो खोल असतो, पण त्याचा सल होईलच असे नाही. जे योग्य नव्हते ते आपल्या हातून झाले, किंवा जे योग्य होते ते करू दिले गेले नाही, तिथे सल उरतो. असे घडते त्या कागदावर कार्यकर्तीची स्वतःची सही असते. परिचारिकांच्या संदर्भात अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये याच अनुभवाला नैतिक क्लेश म्हटले होते: काय करायला हवे हे माहीत असते, संस्था ते करू देत नाही.

धर्मादाय रुग्णालयातली वैद्यकीय समाजसेविका हे त्याचे नेमके उदाहरण. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10% दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलाच्या 2% रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला पाहून रुग्ण पात्र आहे की नाही हे समाजसेविका ठरवते. तिचा पगार रुग्णालय देते. निधी संपला असे तिला सांगितले जाते, आणि नातेवाइकांना ‘खाट नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून ऐकावे लागते. तिला शीणही आहे. पण रात्री तिची झोप मोडते ती त्या वाक्याने.

मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाच्या कामातही हा ताण आत विणलेला आहे. हिंसा सोसून आलेली बाई परत त्याच घरी जाते, कारण दुसरे घर नाही, आणि कार्यकर्ती ‘समेट’ असे लिहिते.

अशा वेळी सजगता काय करते? ती सल अधिक स्पष्ट करते. ज्या कार्यकर्तीने स्वतःकडे लक्ष द्यायला शिकून घेतले आहे, तिला ते वाक्य बोलताना घशात आलेला आवंढा कळतो. तो येतो हे कळणे मोलाचे आहे. पण श्वास मोजून तो जावा अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे तिच्या विवेकाने दिलेली सूचना बंद करणे. शिणावर सजगता औषध आहे, सलावर ती फक्त दिवा आहे. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी 1997 मध्ये बर्नआउटची सहा क्षेत्रे सांगितली: कामाचा बोजा, स्वतःचा अधिकार, मोबदला, सहकाऱ्यांचा आधार, न्याय आणि मूल्ये. यांतला बोजा मुख्यतः शीण देतो. अधिकार, न्याय आणि मूल्ये यांची बाजू सलाची आहे, आणि ती एकट्याने डोळे मिटून सुटत नाही.

त्यासाठीची व्यवस्था या व्यवसायाने पूर्वीच घडवली आहे. आल्फ्रेड कदुशिन यांनी 1976 मध्ये पर्यवेक्षणाची तीन कामे मांडली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला याचा अनुभव असतो. क्षेत्रकार्याचे रेकॉर्डिंग लिहायचे, आणि ठरल्या दिवशी ‘आयसी’त (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स), म्हणजे पर्यवेक्षकासोबत एकट्याने बसून, काय घडले आणि मनात काय आले याची चर्चा करायची. सजगतेची ही व्यावसायिक परंपराच आहे, तिला फक्त ते नाव नाही. एमएसडब्ल्यूची पदवी मिळते, नोकरी लागते, आणि आयसी संपते. विद्यार्थिदशेत एका वस्तीसाठी तास मिळत होता, नोकरीत शंभर कुटुंबांसाठी तो मिळत नाही. उरते ती रिव्ह्यू मीटिंग, जिथे किती गृहभेटी झाल्या हे विचारले जाते. कदुशिनांच्या तीन कामांपैकी फक्त पहिले शिल्लक राहते.

याला पैशाचेही कारण आहे. परदेशी योगदान (विनियमन) कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च करण्याची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. देणगीदारही आधीपासून ‘थेट लाभार्थ्यांवर’ होणारा खर्चच विचारत आले आहेत. अनुभवी पर्यवेक्षकाचे वेतन प्रशासनात धरले गेले की कात्री तिथे आधी लागते. एका दिवसाची कार्यशाळा मात्र त्या मानाने स्वस्त असते, आणि तिचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापता येते.

पर्यवेक्षणाचा तो तास परत आणायचा तर त्याच्या अटी साध्या आहेत. दिवस ठरलेला हवा. ऐकणारी व्यक्ती अनुभवी हवी आणि गोपनीय अहवाल लिहिणारी नको. बोलण्याची सुरुवात आकड्यांनी न होता त्या आठवड्यात काय सलले यापासून व्हावी. सजगतेचा सराव असेल तर ते सांगणे सोपे जाते. आणि जे सांगितले ते त्या खोलीत विरू नये. फाइलमध्ये कार्यकर्तीला आपले वेगळे मत नोंदवता आले पाहिजे: ‘समेट’च्या शेजारी ‘पर्यायी निवारा उपलब्ध नाही’ असे, ‘खाट नाही’च्या शेजारी त्या तारखेला निधीत किती शिल्लक होती ते. अशा नोंदी वर्षभर साठल्या की निधी कोणत्या महिन्यात संपतो आणि कोणत्या रुग्णांना परत पाठवले जाते हे दिसू लागते, आणि तो कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत नेता येतो.