झाकली मूठ

संसारात आपण जोडीदाराचं काय काय सावरून घेतो, याची यादी करण्याची वेळ सहसा कुणावर येत नाही. जर्मनीत ती एका अर्जामुळे येते. नवऱ्याला स्मृतिभ्रंश झाला, दीर्घकालीन काळजीच्या विम्याकडे अर्ज केला, की तपासणीसाठी घरी तज्ज्ञ येतात. त्यांच्यापुढे नेमकं तेच मांडायचं असतं, जे शेजाऱ्यांपासून, मुलांपासून आणि बरंचसं स्वतःपासूनही झाकून ठेवलेलं असतं.

हा विमा इथे १९९५पासून सक्तीचा आहे. ह्यांच्या पगारातून हप्ता कापला जायचा, तेव्हा त्या ओळीकडे आमचं लक्षही नसे. सुरुवातीची बरीच वर्षं मोजमाप मुख्यतः शरीराचं होतं. हातपाय धड, पण घरचा पत्ता विसरलेला माणूस त्यात फारसा बसत नसे. २०१७मध्ये काळजीच्या गरजेच्या पाच श्रेणी आल्या आणि माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो, हे पाहिलं जाऊ लागलं.

मात्र श्रेणी ज्या गुणांवर ठरते, त्यांची वाटणी आधी समजून घ्यायला हवी. आंघोळ, कपडे, जेवण, शौच यांना शंभरात चाळीस. स्मरण-आकलन हा एक भाग आणि रात्रीची भटकंती, चिडणं, भीती हा दुसरा. पण दोहोंपैकी ज्यात त्रास जास्त तो एकच धरतात आणि त्याला पंधरा. आजार विसरण्याचा, आणि विसरण्याला एवढंच! स्वयंपाक, बाजारहाट, बँकेचे व्यवहार यांची चौकशी होते, नोंदही होते, पण श्रेणी ठरवताना त्यांचा हिशेब नाही. घरकामाची ही गत मला चांगलीच ओळखीची वाटली.

म्हणून ‘हे विसरतात’ एवढं सांगून भागत नाही. ‘आंघोळ स्वतः करतात’ हेही तसं खरंच. पण मी चला म्हटल्याशिवाय ते उठत नाहीत. पाणी सोडून देते, साबण हातात देते, कालचा सदरा उचलून ठेवते. नाहीतर त्याच्यावरच दुसरा चढतो. सारखी आठवण करणं, दाराशी उभं राहणं, पुढचं पाऊल सांगणं ही इथे मदतच धरली जाते. बायकोला मात्र ते काम वाटतच नाही, त्यामुळे सांगायचंही सुचत नाही. तपासणीआधी पंधरवडाभर वही ठेवावी ती यासाठी. रात्रीचंही लिहावं: किती वाजता उठले, कुठे निघाले, परत कसं झोपवलं.

दुसरी अडचण पाहुण्याची. दारात नवा माणूस आला की हे ताठ बसतात, चहाचा आग्रह करतात, विनोदही करतात. ‘आंघोळीला मदत लागते का?’ ‘छे, कशाला?’ हे खोटं बोलणं नव्हे. अब्रू राखायची जन्माची सवय आहे. अनुभवी तज्ज्ञ हे ओळखतात, पण आपण त्यावर विसंबू नये. आमच्या ह्यांची जर्मन आता निसटत चालली आहे, मराठी अजून टिकून आहे. अशा घरात मुलगी किंवा मुलगा दुभाषी होतो. त्यांना आधीच बजावावं, की बाबांचं उत्तर जसं येईल तसं सांगा, नीटनेटकं करू नका. मुलं प्रेमापोटी वाक्य पुरं करतात आणि गुण तिथेच जातात.

त्या दिवशी मुद्दाम चुरगळलेले कपडे घालून बसवा, असा सल्ला ओळखीच्यांकडून मिळतो. मला तो पटत नाही. इस्त्रीचा सदरा खुशाल असू द्यावा. खरी परिस्थिती कागदावर असली, की माणसाला केविलवाणं दाखवायची गरज उरत नाही. आणि त्यांच्यादेखत त्यांचं शौच, त्यांची भीती यांवर बोलायचं नसेल, तर डॉक्टरांच्या पत्रांबरोबर वही तज्ज्ञांच्या हाती द्यावी आणि थोडा वेळ स्वयंपाकघरात वेगळं बोलू द्या, असं सांगावं. त्यात गैर काही नाही.

पुण्याहून फोनवर नातेवाईक म्हणतात, नवऱ्याच्या सेवेचे कसले पैसे घेतेस? तिसऱ्या श्रेणीतल्या माणसाला घरच्यांनी सांभाळलं, तर त्याला २०२५पासून महिन्याला ५९९ युरो आहेत. त्यात दिवसा काही तास दुसरं कुणी त्यांच्याजवळ बसू शकतं आणि मी झोपू शकते. निर्णय पटला नाही, तर महिन्याच्या आत लेखी हरकत घेता येते. पैसे मात्र अर्ज केला त्या महिन्यापासूनच मिळतात, त्याच्या मागचे नाहीत. तेव्हा वही पुरी होण्याची वाट पाहू नका, अर्ज आधी करा.