लेकरांचे गुरू कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भक्तहो, दत्तजन्माची कथा ही लेकराला भरवण्याची कथा आहे. तिन्ही देव सत्त्व पाहायला अत्रिऋषींच्या दारी अतिथी होऊन आले आणि अनसूयामातेनं त्यांची तान्ही बाळं करून त्यांना पाजलं. पाळणा म्हणताना हे आपल्याला आठवतं. पण घरी आल्यावर आपल्या बाळाच्या पोटात काय जातं, हे किती जण पाहतात?

आपल्या सातारा-सांगलीकडे खाण्याला तोटा नाही. ज्वारी, बाजरी, भुईमुगाच्या शेंगा, मळ्यातली भाजी, कृष्णाकाठची वांगी, सगळं दारात येतं. तरी पोरं भाकरीला नाक मुरडतात, शाळेतून येताना टपरीवरचं पाकीट फोडतात आणि मोबाईल समोर लावल्याशिवाय घास गिळत नाहीत.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात मासा आहे, तो जिभेपायी गळाला लागतो. पतंग आहे, तो उजेडाला भुलून ज्योतीवर झेपावतो. पाकीट आणि मोबाईल, दोन्ही दुखणी तिथं आधीच सांगून ठेवलेली आहेत! औषधही तिथंच आहे. समुद्र पावसाळ्यात उतू जात नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. ताटाचंही तसंच असावं. साताऱ्याचा कंदी पेढा खाऊ नये, सांगलीचं भडंग खाऊ नये, असं मुळीच नाही. सणाला पेढा आणि रोज भाकरी, एवढं प्रमाण मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.

पण ते कळणार कसं? यादीतला शेवटचा गुरू कुंभारमाशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते आणि तिचाच ध्यास घेऊन अळी तिच्यासारखी होते, असं अवधूत सांगतो. मुलाचं तसंच असतं. चार भिंतींत ते आपल्याकडेच बघत असतं. आपण गुरुवारचा उपवास म्हणून ताटभर खिचडी आणि वर चार साबुदाणावडे घेतले, तर ते 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हेच शिकणार. रात्री अकरापर्यंत आपणच मालिका पाहिल्या, तर पहाटे त्याला कोणत्या तोंडानं उठवणार?

औंधच्या राजांना हे नीट समजलं होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. पण नुसता हुकूम काढून ते बसले नाहीत. ते स्वतः रोज नमस्कार घालत, घरातली मंडळीही घालत. त्यांचं सूर्यनमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये छापलं गेलं. त्याच औंधात पंडित सातवळेकरांनी वेदांचं काम केलं. तेही सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. १८६७ साली जन्मलेले पंडितजी १९६८ पर्यंत होते, म्हणजे शंभरी पूर्ण केली. आयुष्य देणं देवाच्या हाती, पण मिळालेलं आयुष्य कसं वापरावं हे या दोघांनी दाखवलं.

कुणी म्हणेल, आता आमचे गुडघे धरलेत, नमस्कार कुठले घालणार? मग खुर्चीत बसून सूर्याची बारा नावं म्हणा, नातवंडं नमस्कार घालतील. संध्याकाळी शुभंकरोती झाली की सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावं, आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा, आधी आपला. लाड करायचे तर शेंगदाणा-गुळाचा लाडू करून डब्यात ठेवावा. आईबापांनी पाकीट नको म्हटलं असेल, तर आजोबांनी ते चोरून आणू नये. त्यानं नातू खूश होतो, पण घरातला शब्द पडतो.

चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो, हा देहही माझा गुरूच आहे. पण तो परक्याचा आहे, माझा नव्हे. पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या ठेवी सांभाळल्यामुळे मला हे वचन फार जवळचं वाटतं. दुसऱ्याची ठेव आपल्या पैशापेक्षा जास्त जपावी लागते. लेकरांचे देह ही महाराजांची ठेव आहे. ती सांभाळायला आपल्या हाती दिली आहे, आणि मुदत संपली की हिशेब द्यायचा आहे.

यंदाच्या जयंतीला पादुकांवर डोकं ठेवताना एवढाच संकल्प करू या, की मुलाला जे सांगायचं ते आधी महिनाभर आपण करायचं.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!