बॅगेतली छोटी पिशवी



टोकियोत 1975 पासून ‘कॉमिक मार्केट’ नावाचा कॉमिक्सचा मेळा भरतो. आवडत्या पात्राचा वेश घ्यायचा, म्हणजेच कॉस्प्ले करायचा, म्हणून तिथे असंख्य तरुण येतात. पण घरून वेश घालून यायला तिथे सक्त मनाई आहे. सगळं बॅगेत भरून आणायचं, तिथेच बदलायचं आणि निघण्याआधी उतरवून ठेवायचं.

म्हणून आदल्या रात्रीची बांधाबांध महत्त्वाची. विगचे केस गुंतू नयेत म्हणून तो जाळीत गुंडाळून सर्वांत वर ठेवायचा. फोमचं चिलखत सुटं करून कपड्यांच्या घड्यांमध्ये बसवायचं. आणि हाताशी एक छोटी पिशवी: सुईदोरा, सेफ्टी पिना, गोंद, चिकटपट्टी. गर्दीत कुणाची शिवण उसवते, कुणाचा पट्टा तुटतो. अशा वेळी शेजारच्या अनोळखी माणसालाही हीच पिशवी उपयोगी पडते.

मला तिचं फार मोल वाटतं. अडचण येणारच हे धरून निघालेला माणूस ऐनवेळी गडबडत नाही, आणि दुसऱ्याच्या मदतीला धावू शकतो. आज घराबाहेर पडताना आपणही चार जणांना पुरेल इतकी तयारी सोबत घेऊया.