पडीची नोंद

माणगाव तालुक्यातील कोणत्याही गावचा सातबारा उघडून नमुना बाराचे रकाने चाळले, तर भात, नाचणी, वरी यांच्या पंगतीस बसलेली एक नोंद वारंवार भेटते, जी कोणत्याही पिकाची नसते: चालू पड. ज्याचा धनी मुंबईस पोटामागे गेला आणि ज्याच्या बांधावर गेल्या पावसाळ्यात नांगर उतरला नाही, त्या शेताविषयी सरकारदरबारी लिहिण्यासारखे आहे तरी काय, असे सामान्य बुद्धीस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु महसूल खात्याची बुद्धी सामान्य नाही. रकाना कोरा ठेवणे आणि रकान्यात 'पड' लिहिणे या दोन क्रियांत खाते जमीनअस्मानाचे अंतर मानते, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ तलाठी बांधापर्यंत गेलाच नाही असाही होऊ शकतो, तर पडीची नोंद सांगते की कोणीतरी तेथे गेला, त्याने पाहिले, आणि पीक नाही असे त्यास दिसले. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू होऊन हे पाहण्याचे काम खातेदाराच्या स्वतःच्या मोबाइलवर आले, तरीही चालू पड आणि कायम पड या दोन नोंदी जागच्या जागी राहिल्या. इतर खात्यांतही कचेरीचा शिरस्ता हाच आहे: मागितलेली माहिती शून्य असली तरी तक्ता पाठवावाच लागतो, आणि त्यावर 'निरंक' असे लिहून खाली सही करावी लागते.

जे नाही, त्याची नोंद होऊ शकते काय, आणि होत असेल तर ती नेमकी कशाची नोंद असते, हा प्रश्न मला नव्याने सुचला तो मात्र तलाठी कचेरीत नव्हे. कोकण रेल्वेच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घरात बसून पुण्याच्या कंपनीचे काम करणारा माझा एक भाचा त्रासून म्हणाला, "मामा, रिकामं फोल्डर गिट ठेवतच नाही." त्याच्या लेखी ही एक क्षुद्र गैरसोय होती; माझ्या लेखी तो आपल्या दर्शनशास्त्रातला एक हजारांहून अधिक वर्षे चाललेला वाद होता, फक्त वेष पालटून आलेला.

गिट म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक नसेल त्याने फेरफाराची नोंदवही डोळ्यांपुढे आणावी. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार धरतो, त्यास क्रमांक पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि सातबाऱ्यावरील जुने नाव खोडले न जाता त्यास कंस होतो, जेणेकरून पुढे कोणी वाद काढल्यास कोणत्या साली कोणाच्या सांगण्यावरून काय पालटले याचा माग काढता यावा. संगणकाच्या आज्ञावलीत अनेक माणसे एकाच वेळी हात घालतात, तेव्हा त्यांच्या प्रत्येक बदलाचा असाच फेरफार धरणारी जी दप्तरे आहेत, त्यांतील आज सर्वाधिक चालणारे दप्तर गिट होय. लिनक्सचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्स याने ते २००५ च्या एप्रिलात निर्माण केले. फेरफार पक्का होण्यापूर्वी बदल ज्या कच्च्या यादीत चढवावे लागतात तिला इंडेक्स म्हणतात, आणि सारी मेख येथे आहे. त्या यादीत केवळ फाइलींचीच नावे चढतात. फोल्डरला तीत स्वतंत्र आसन नाही. फाइलीचा पत्ता सांगताना वाटेत जे मोहल्ल्याचे नाव यावे, तेवढीच त्याची पत. ज्या फोल्डरात एकही फाइल नाही त्याचा उल्लेख करणारा पत्ताच नसतो, म्हणून ते दप्तरात येत नाही. आणि फोल्डरातील शेवटची फाइल गिटकरवी काढून टाकली, तर गिट ते फोल्डरही आवरून नेतो.

असे असलेच पाहिजे असे नाही. २००० साली जन्मलेले सबव्हर्जन हे दप्तर फोल्डरला फाइलीच्या बरोबरीचा खातेदार मानते, त्याचा स्वतंत्र इतिहास ठेवते, म्हणून तेथे रिकामे फोल्डर सुखाने नांदते. त्याच्याही आधीच्या सीव्हीएसची तऱ्हा तिसरीच: तेथे एकदा चढलेले फोल्डर काढताच येत नसे, म्हणून दप्तर उतरवून घेताना रिकामी फोल्डरे दृष्टीआड करण्याची एक वेगळी आज्ञा द्यावी लागे.

आता तो दर्शनशास्त्रातला जुना वाद. कणादाच्या वैशेषिकांनी प्रथम द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय असे सहा भावपदार्थ मोजले, आणि पुढील आचार्यांनी त्यांत सातव्याची भर घातली: अभाव. भूमीवर घट नाही, या वाक्यात 'नाही' हे जे ज्ञान होते, त्याचा विषय कोणता? नैयायिक म्हणाले, अभाव हाच त्याचा विषय, आणि तो डोळ्यांनी प्रत्यक्ष दिसतो. मीमांसक कुमारिल भट्टाने अभाव मानला, परंतु तो डोळ्यांना दिसतो हे नाकारले. न दिसणे हेच त्याने एक स्वतंत्र प्रमाण मानले, ज्यास अनुपलब्धी म्हणतात. त्याचा प्रतिपक्षी प्रभाकर याने तर मुळावरच घाव घातला: अभाव म्हणून काही नाहीच, तुम्हांस जी दिसते ती निव्वळ भूमी, आणि केवळ भूमी पाहण्यालाच तुम्ही घटाभाव पाहणे असे भारदस्त नाव देता. गिट हा प्रभाकराचा अनुयायी आहे आणि सबव्हर्जन नैयायिकांच्या गोटात बसते, असे मी भाच्यास सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या मुद्रेने पाहिले तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. शून्याची गोष्ट निघाली की नागार्जुनास साक्षीला बोलावण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. त्यास मात्र येथे मुद्दाम बोलावलेले नाही, कारण त्याचे शून्य म्हणजे रिकामेपण नव्हे, तर वस्तूस स्वतःचा असा स्वभाव नसणे, आणि त्या न्यायाने ठासून भरलेले फोल्डरही तितकेच शून्य ठरते.

प्रभाकराचे म्हणणे वरवर पाहता फार चोख आहे. परंतु अनुपलब्धीच्या विचारात शास्त्रकारांनी एक अट घातली आहे, तिच्यापाशी ते अडखळते असे मला वाटते. नुसते न दिसणे पुरत नाही. ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी तिची योग्यता असावी लागते. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून पिशाच येथे नाही असे म्हणता येत नाही. म्हणजे अभावाच्या ज्ञानास केवळ भूमी पुरी पडत नाही; कोणत्या वस्तूची वाट पाहत आपण त्या भूमीकडे पाहिले, हेही लागते. या वस्तूस शास्त्रात प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगी सांगितल्यावाचून अभाव सांगता येत नाही. भीमाचार्य झळकीकरांच्या 'न्यायकोशा'त अभावाचे प्रकरण ज्याने धीर धरून वाचले असेल, त्यास या एका शब्दाभोवती केवढी गुंतवळ पिढ्यानुपिढ्या जमली आहे ते ठाऊक असेल. मला त्यातील एवढाच धागा हवा आहे, की घटाचा अभाव आणि पटाचा अभाव हे एकाच भूमीवर नांदत असले तरी एक नव्हेत.

आता गिटच्या पोटात डोकावावे. तो प्रत्येक वस्तूस तिच्या मजकुरावरून चाळीस अंकाक्षरांची एक खूण देतो. मजकूर एक तर खूण एक. यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. रिकामे फोल्डर म्हणजे काय हे गिटला उत्तम ठाऊक आहे: त्याच्या परिभाषेत ज्यास रिकामा वृक्ष म्हणावे त्याची खूण ४बी८२५डीसी येथून सुरू होते, आणि ती टोकियोत, पुण्यात वा माणगावात सारखीच असते. ज्ञान आहे, नाव आहे, परंतु कच्च्या यादीत त्यास शिरकाव नाही. गिटच्या कर्त्यांनी यावर तत्त्वज्ञानाचा मुलामा चढवलेला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभते. अडचण इंडेक्सच्या रचनेची आहे, आणि ती दूर करू शकणाऱ्या कोणास अद्याप तेवढी आस्था वाटलेली नाही, अशा अर्थाचे उत्तर ते देत आले आहेत. परंतु मजकुरावरून खूण देणाऱ्या व्यवस्थेत सर्व रिकामेपणे एकच असणार हे उघड आहे, आणि नैयायिकाचा आक्षेप नेमका यावर आहे. 'नोंदी' नावाचे फोल्डर आणि 'छायाचित्रे' नावाचे फोल्डर दोन्ही रिकामी असली, तरी एकात नोंदींचा अभाव आहे आणि दुसऱ्यात छायाचित्रांचा. रिकामेपणाला नाव असते. ते नाव येणाऱ्याचे असते.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त अभावाचे चार प्रकार दिले आहेत, त्यांपैकी दोन येथे कामाचे. प्रागभाव म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव: त्यास आरंभ नाही, अंत मात्र आहे. प्रध्वंसाभाव म्हणजे नाशानंतरचा: त्यास आरंभ आहे, अंत नाही. अजून एकही छायाचित्र न आलेले फोल्डर आणि सारी छायाचित्रे काढून टाकलेले फोल्डर, दोन्ही उघडली तर डोळ्यांस सारखीच दिसतील. चालू पड लिहिणारा कारकून न्यायशास्त्र शिकलेला नसतो, तरी पुढे पीक येईल अशी पड आणि येणारच नाही अशी पड यांस तो दोन नावांनी ओळखतो. महसुली दप्तरात तर आणखी पुढची पायरी आहे, ती बेचिराख गावांची. जेथे आज एकही घर नांदते नाही अशा गावाचेही नाव, शिव आणि भूमापन क्रमांक दप्तरातून काढले जात नाहीत, आणि जनगणनेच्या ग्रामसूचीत ते निर्जन म्हणून आपल्या क्रमांकासह येतेच. शेवटचा रहिवासी गेला म्हणून गाव आवरून नेण्याचा गिटचा शिरस्ता खात्याने पत्करला असता, तर कोकणच्या नकाशास किती भोके पडली असती, याचा हिशेब करवत नाही.

गिट वापरणाऱ्यांनी या अडचणीतून काढलेली वाट अशी: रिकाम्या फोल्डरात शून्य अक्षरांची एक फाइल ठेवायची आणि तिचे नाव, आरंभी टिंब देऊन, 'गिटकीप' असे लिहायचे. गिटला या नावाचा काही विशेष अर्थ ठाऊक नाही. ते केवळ लोकरूढीने चालते. दुसरी वाट अधिक खोचक आहे. कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करावे हे गिटला सांगणारी जी 'गिटइग्नोर' नावाची फाइल असते, तीच फोल्डरात ठेवून तीत दोन ओळी लिहितात, ज्यांचा भावार्थ असा की या फोल्डरातील सर्व काही अग्राह्य समजावे, एक मी सोडून.

यावर पहिला आक्षेप सुचतो तो असा, की रिकामेपण राखण्यासाठी त्यात काही ठेवले तर ते रिकामेपण उरलेच कोठे? मला हा आक्षेप पोकळ वाटतो, आणि त्याचे उत्तर प्रतियोगीतच आहे. भूमीवर वस्त्र अंथरले म्हणून घटाभाव नष्ट होत नाही. तो घट आणल्यानेच नष्ट होईल. छायाचित्रांच्या फोल्डरात गिटकीप येऊन बसली तरी छायाचित्रांचा अभाव अबाधित आहे. आपल्या पूजेत हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याची नवलाई वाटत नाही: सत्यनारायण असो वा वास्तुशांत, गणपतीची मूर्ती नसेल तेथे तांदळावर सुपारी मांडतात, तिची षोडशोपचारे पूजा होते, आणि अक्षता टाकून विसर्जन झाले की ती पुन्हा सुपारी होते. चिदंबरमच्या मंदिरात नटराजाशेजारी पडदा सारला की मूर्ती दिसत नाही, सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा मात्र लोंबताना दिसतात, आणि आकाशलिंग ते हेच. त्या माळांनी आकाश भरले असे कोणी म्हणत नाही. माणगावाहून निजामपूरमार्गे पाचाडास जाऊन रायगड चढणाऱ्या माणसाने सिंहासनाच्या जागेपाशी एवढा विचार करावा: १६७४ चे सिंहासन नाही, पुढे त्या जागी मेघडंबरी उभी राहिली, पुतळाही बसला, पण त्यामुळे सिंहासनाचा प्रध्वंसाभाव तिळभर उणा झालेला नाही, उलट त्यांच्यामुळेच तो जाणाऱ्यायेणाऱ्यास कळतो.

प्रभाकराचा खरा बलवान वकील मात्र निराळा आहे. अनेक जाणते कारागीर म्हणतात, रिकामे फोल्डर दप्तरात ठेवण्याचा खटाटोपच करू नये. ज्या आज्ञावलीस ते लागेल तिने चालू होताना ते आहे की नाही पाहावे आणि नसल्यास निर्माण करावे. यंत्राने यंत्रासाठी लिहायच्या गोष्टींपुरते हे मला सोळा आणे पटते. तेथे अपेक्षा करणारा आणि आणणारा एकच असतो, त्यास आगाऊ सूचना देण्याची गरज नाही. परंतु जेथे आणणारा दुसरा माणूस आहे, तो अजून कामावर रुजूही झालेला नाही, आणि काय आणायचे ते त्यास जागेच्या नावावरूनच कळायचे आहे, तेथे जागा आधी असावी लागते. पीक शेत निर्माण करीत नाही. आणि असे असेल तर शून्य अक्षरांची फाइल हा अर्धाच उपाय म्हटला पाहिजे, कारण तीत अभावाचा आश्रय, म्हणजे जागा, सांगितला जातो, प्रतियोगी अध्याहृतच राहतो. जगातील सर्व शून्याक्षरी फाइलींची खूणही ई६९डीई२९ ने सुरू होणारी ती एकच.

म्हणून भाच्यास मी सुचवले, की गिटकीपऐवजी 'रीडमी' नावाची, वाचणाऱ्यास माहिती देणारी फाइल ठेवावी, आणि तीत दोन ओळी लिहाव्यात: येथे काय यायचे आहे, आणि ते आल्यावर ही फाइल कोणी काढायची. पहिली ओळ त्याने तेथल्या तेथे लिहिली. दुसरीवर थांबून तो म्हणाला, "मामा, ती कोणीच काढत नाही."