पिसांची माशी

गळाने मासे धरण्यात जन्म घालवलेल्या माणसाने उतारवयात गळाची माशी स्वतःच्या हाताने बांधू लागावे, यात वरवर पाहता विचार करण्याजोगे काही नाही. माशा बाजारात तयार मिळतात, आणि नवशिक्याच्या माशीहून सुबक असतात. परंतु नोकरीनिमित्त हिमाचलात गेलेले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिलेले आमच्या परिचयाचे एक मराठी इंजिनिअर गेले दोन हिवाळे हाच उद्योग करीत आहेत, आणि त्यांच्या उद्योगाने आम्हांस एका प्रश्नापाशी आणून सोडले आहे. एखाद्या जिवाला अधिक चांगले फसवता यावे म्हणून त्याचे जीवन जाणून घेणे, या ज्ञानाला काय म्हणावे?

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. थंड, वाहत्या पाण्यातला ट्राउट मासा पाण्यातले व पाण्यावरचे किडे खातो. (हा मासा मूळचा इथला नव्हे. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला कुलूच्या नद्यांत आणून सोडले. म्हणजे तोही बदलीवर आलेला, आणि आमच्यातील पुष्कळांपेक्षा लौकर रुळलेला!) हे किडे इतके नाजूक की गळाला टोचता येत नाहीत, म्हणून त्यांची प्रतिमा करायची. छोट्या शेगड्यात गळ पकडून त्यावर मेण लावलेला बारीक दोरा गुंडाळीत न्यायचा. मोरपिसाच्या तंतूंचे अंग, कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे पाय. सगळे काम बोटाच्या पेरावर मावेल एवढे. युक्ती जुनी आहे. मॅसिडोनियातले लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे गळावर बांधून मासे धरतात, असे ईलियन या रोमन ग्रंथकाराने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. आपल्याकडे चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, बाराव्या शतकात, मत्स्यविनोदाचे प्रकरण आहेच. तिथे काठी, दोरी आणि आमिषे यांचा विचार राजाला शोभेल अशा गांभीर्याने केला आहे.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरण्यास बंदी असते. त्या रिकाम्या महिन्यांत आमचे मित्र शेगड्यापाशी बसू लागले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आले की ज्याची प्रतिमा करायची तो किडा आपण कधी नीट पाहिलेलाच नाही. चाळीस वर्षे नदीत उभे राहून त्यांनी पायाखालचा दगड उलटून पाहिला नव्हता. आता पाहिला. त्याखाली चपटे, तीन शेपट्यांचे जीव चिकटून होते. हे मेफ्लायचे बाल्य. ते पाण्याखाली कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक चालते. पंख फुटल्यावर मात्र आयुष्य काही तासांचे, फार तर एकदोन दिवसांचे. त्या अवस्थेत त्याला कामाचे तोंडच नसते. तो काही खात नाही. मित्रांनी हे आम्हांस सांगितले तेव्हा त्यांच्या स्वरात शिकाऱ्याचा उत्साह नव्हता, काहीसा संकोच होता.

यास कोणी बकध्यान म्हणेल. बगळाही एका पायावर उभा राहून पाण्याचा अभ्यासच करीत असतो. आक्षेप हलका नव्हे. आपल्या भाषेत आमिष दाखवणे हा दोष आहे आणि गळ घालणे हा नुसता आग्रह. कचेऱ्यांत आयुष्य काढलेल्यांना या दोहोंमधले अंतर किती थोडे असते हे सांगावयास नको. तरीही ज्ञान ज्या हेतूने मिळवले त्या हेतूशी ते कायमचे जखडलेले राहते, हे आम्हांस मान्य नाही. मोल्सवर्थचा मराठी कोश 1831 साली निघाला तो परक्या राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. राज्य गेले, कोश आम्ही आजही उघडतो.

पण मग हेतूपासून सुटलेले ज्ञान, सुटलेली कला, आपोआप निर्मळ होते काय? इथे आमची गाडी अडते. सामन मासा समुद्रातून नदीत शिरला की खाणे जवळजवळ सोडतो. म्हणून त्याच्यासाठी बांधलेल्या माशीला कोणत्याही किड्यासारखे दिसण्याचे बंधन नाही. परिणाम असा की ती नुसती नटत गेली. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची, लाखेच्या ठिपक्यांची पिसे एकोणिसाव्या शतकापासून विलायतेस गेली ती या नटण्यापायी. 2009 साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयातून पक्ष्यांच्या 299 जतन केलेल्या कातड्या चोरीस गेल्या. त्यांतील काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेल्या होत्या. चोर माशा बांधण्यात निष्णात असा तरुण वादक होता. अशा पिसांच्या पुष्कळ माशा पाण्याला कधी लागतही नाहीत. त्या चौकटीत राहतात. माशाची फसवणूक तिथे उरलेली नाही, आणि तरी तो व्यवहार आम्हांस आमच्या मित्रांच्या व्यवहारापेक्षा हीन वाटतो. कदाचित यासाठी, की तिथे नाही म्हणणारा कोणी नसतो. ट्राउट नाही म्हणतो. मित्रांची सर्वांत रेखीव माशी त्याने मोसमभर नाकारली, आणि दोरा सुटलेली, ओबडधोबड एक मात्र घेतली.

अलीकडे ते प्रत्येक गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतात. त्यामुळे लागलेला मासा अनेकदा सुटतो. हे माशासाठी काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, छे, माशी सोडवताना फाटत नाही म्हणून.